संजीवन आलं तेव्हा मालनबाई कॅम्पात होत्या

कल्याणच्या रेल्वे कॉलनीत मालनबाई रणनवरेंना ओळखत नाही असं घर शोधून सापडलं नसतं. कॉलनीतली निम्मी पोरं त्यांच्या हातावर जन्मलेली. बाई मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. मिशनच्या दवाखान्यात सुईणीचं काम शिकल्या आणि लग्नानंतर नवऱ्याबरोबर कल्याणला आल्या. नवरा सहदेव लोकोशेडमध्ये फिटर. एकुलता एक मुलगा रेल्वेतच लागून भुसावळला गेला, आणि वालधुनी नदीच्या अंगाच्या त्या दोन खोल्यांत नवराबायको दोघंच उरली.

बाई उंच, रुंद हाडाच्या, बोलायला फटकळ. बाळंतीण घाबरली की तिच्यावर ओरडत, आणि तो आवाज शेजारची दोन-तीन दारं ओलांडून जाई. पण शुक्रवारी दुपारी याच बाई स्वयंपाकघरात चटई टाकून गुडघे टेकत, तेव्हा आवाज इतका उतरे की शेजारी बसलेल्या सखुबाईला कान पुढे करावा लागे. सखुबाई म्हणजे चर्चच्या मंडळीतली म्हातारी विधवा, तीही नगरकडचीच. ती प्रार्थनेला नेमानं येई आणि नेमानं मध्येच डुलक्या घेई.

मालनबाई देवाकडे एकच गोष्ट मागत. मंडळी जागी व्हावी. मिशनमधली माणसं त्याला संजीवन म्हणत.

“जागी म्हंजे कशी गं?” सखुबाईनं एकदा विचारलं. “समदी येत्यात की दर रविवारी. गाणी म्हणत्यात, दान टाकत्यात.”

“येतात हो. आणि आली तशीच परत जातात,” मालनबाई म्हणाल्या. “आमच्या गावात झालं होतं ते तुम्ही बघायला हवं होतं.”

ते त्यांनी स्वतः बघितलं होतं, पण लहानपणी, परकर नेसायच्या वयात. शेवगावकडच्या त्यांच्या खेड्यात ख्रिस्ती झालेली मोजकी घरं होती. एका उन्हाळ्यात त्या घरांना काय झालं कुणास ठाऊक. आधी एक म्हातारा उपासनेत उभा राहिला आणि भावाची बांध कोरून घेतलेली जमीन परत देतो म्हणाला. मग दुसरा उठला. मग बायका रडायला लागल्या. लोक उठेनात. भाकरी करायचं कुणाला सुचेना. मालनच्या वडिलांनी दारूचं मडकं बाहेर आणून सगळ्यांसमोर फोडलं. मालनला आठवत होता तो मात्र आईचा चेहरा. तिची आई कधी हसत नसे. त्या दिवसांत ती पाणी भरताना, शेण गोळा करताना आपल्याशीच हसायची. मालननं विचारलं, “आये, काय झालं?” तर आई म्हणाली, “आत उजेड पडलाय बाई. तुला नाही सांगता येणार.”

मालन पाणी वाहून आणायच्या कामावर होती. सगळी माणसं आत, आणि ती घागर घेऊन दारात. पेरण्या लागल्या, गाव कामाला लागला, आणि पुढच्या वर्षी आई पटकीनं गेली. तो उजेड आपल्याही आत पडावा, ही ओढ मुलीच्या मनात राहिली ती राहिलीच. ती वाढली, शिकली, तिचं लग्न झालं, तिला मूल झालं. ओढ काही कमी झाली नाही.

सहदेव थट्टा करायचा. “अगं, तू देवाला जरा उसंत घेऊ दे. दर शुक्रवारी उठून त्याच्या दारात!”

“तुम्हाला ड्यूटी असते, मला ही ड्यूटी,” बाई म्हणायच्या.

सहदेव शांत गडी. चर्चला जाई, मागच्या बाकावर बसे, उपदेश लांबला की घड्याळ बघे. देवाशी त्याचं भांडण नव्हतं. सलगीही नव्हती.

*

स्वातंत्र्य मिळालं आणि रेल्वेतले गोरे साहेब एकेक करून निघून गेले. कॉलनीतलं त्यांचं लहानसं दगडी चर्च रिकामं पडलं. तोवर शाळेच्या खोलीत जमणाऱ्या मराठी मंडळीला ते वापरायला मिळालं. माणसं हरखली. बायकांनी फरशा घासल्या, पुरुषांनी बाकांना पॉलिश केलं. आणि पहिल्या महिन्यातच भांडण लागलं ते साहेबांनी मागे ठेवलेल्या बाजाच्या पेटीवरून, म्हणजे त्या पायानं भाता मारायच्या मोठ्या ऑर्गनवरून.

मारुती पारधे माल ऑफिसात क्लार्क होते. त्यांना ऑर्गन येई. उपासना ऑर्गनवर, साहेबी चालींनी, शिस्तीत व्हावी असं त्यांचं म्हणणं. दौलत उजागरे मुनसिपाल्टीच्या शाळेत मास्तर. त्यांचा तबल्यावर हात चांगला. आपल्या बापजाद्यांनी टाळ-तबल्यावर येशूची भजनं म्हटली, आता साहेब गेल्यावर आपण साहेब व्हायचं का, असा त्यांचा सवाल. दोघंही मंडळीचे वडील, म्हणजे कारभार बघणारे पंच, दोघंही चांगले, आणि दोघंही हट्टी. हळूहळू एका बाजूच्या बाकांवर मारुतीरावांकडची घरं बसू लागली, दुसऱ्या बाजूला दौलतमास्तरांकडची. एकमेकांना सलाम करणं बंद झालं.

दुसऱ्या वर्षी थंडीत दौलतमास्तरांची तान्ही मुलगी हेमा न्यूमोनियानं गेली. मालनबाईंनीच तिला जगात आणलं होतं, आणि पांढऱ्या कापडात तिला गुंडाळलंही त्यांनीच. दफनाला अख्खी मंडळी आली. मारुतीराव आले नाहीत. त्यांची बायको सरोजही आली नाही. मास्तर मातीची मूठ हातात धरून फाटकाकडे बघत थांबले होते, हे मालनबाईंनी पाहिलं. मग त्यांनी मूठ सोडली.

त्यानंतर मालनबाईंची शुक्रवारची प्रार्थना लांबली.

मंडळीला वेगळा पाळक नव्हता. पाळक लोंढे ठाण्याला राहत आणि ठाण्याची, कल्याणची, दोन्ही मंडळ्या सांभाळत. पन्नाशीचे, कृश, थकलेले गृहस्थ. त्यांनी समेटाचा प्रयत्न केला, दोन्हीकडून बोलणी खाल्ली आणि गप्प बसले. एक्कावन्न साली त्यांनीच ठाण्याला तलावाजवळच्या एका आवारात मांडव घालून सभा भरवल्या. दूरचा नामांकित उपदेशक आणला. मालनबाईंनी आठवडाभर उपास धरला. कल्याणहून माणसं गाडीगाडीनं गेली.

उपदेशक मोठा वक्ता होता. लोक रडले, हात वर झाले, पुढे जाऊन गुडघे टेकले. मालनबाई सारख्या वळून मास्तरांकडे आणि मारुतीरावांकडे बघत होत्या. दोघांचेही हात वर होते. सभा संपल्या. सगळे एकाच डब्यातून कल्याणला परतले. फलाटावर उतरल्यावर मारुतीराव एका दारानं बाहेर गेले आणि मास्तर दुसऱ्या.

मालनबाई तिथल्या बाकावर बसल्या त्या बसल्याच. सहदेव म्हणाला, “चल गं. चहा करायचा ना घरी?”

“अहो, माझं कुठं चुकतंय?” बाई म्हणाल्या.

सहदेवनं त्यांची पिशवी उचलली.

*

दोन वर्षं अशीच गेली. त्रेपन्न सालच्या मार्च महिन्यातला पहिला रविवार. पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे भाकर आणि प्याला वाटून घेणं, असे, म्हणून मालनबाई ते सहसा चुकवत नसत. पांढरं लुगडं नेसून त्या निघणार, इतक्यात दारात टांगा थांबला. कॅम्पातून माणूस आला होता.

कॅम्प म्हणजे फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना बसवलं ती वालधुनीपलीकडची लष्करी बॅरेकींची वसाहत. सरकारनं तिला नवं नाव दिलं होतं, पण कल्याणच्या तोंडी ती कॅम्पच राहिली. तिथल्या बायकांच्या बाळंतपणाला मालनबाई पहिल्यापासून जात. माणूस हात जोडून म्हणाला, “बाईजी, बच्चा उलटा है. जल्दी चलो.”

मालनबाईंनी चर्चच्या दिशेनं एकदा पाहिलं. घंटा वाजत होती.

“तुम्ही जा,” त्या सहदेवला म्हणाल्या. “माझ्यासाठी जागा धरू नका.”

बॅरेकीत गोणपाटाच्या आडोशामागे एक अठरा-एकोणीस वर्षांची पोरगी दात आवळून पडली होती. तिची सासू कोपऱ्यात जप करत होती. बाळ पायाळू. मालनबाईंनी बाह्या वर केल्या. सगळी सकाळ त्यात गेली. पोरगी त्यांच्या मनगटाला नखं रुतवून धरत होती आणि त्या तिच्यावर ओरडत होत्या, मध्येच तिचं कपाळ पुसत होत्या. अखेर मुलगा झाला. निळा पडलेला. बाईंनी त्याला उलटा धरला, पाठ चोळली, तोंडात फुंकर घातली. तो रडला तेव्हा कोपऱ्यातल्या सासूनं येऊन मालनबाईंचे पाय धरले.

परत येताना टांग्यात त्या दमून मागे रेलल्या होत्या. ऊन चढलं होतं. उपासना केव्हाच संपली असणार, भाकर आणि प्याला फिरून गेला असणार, असा विचार करत त्या निघाल्या होत्या, आणि टांगा कॉलनीत शिरला तर चर्चची दारं उघडीच. पायऱ्यांवर चपला तशाच. आतून गाणं नाही, उपदेश नाही. नुसता हुंदक्यांचा आवाज, आणि त्यातच कुणीतरी हसल्याचा.

टांगेवाला म्हणाला, “कोण गेलं का हो बाई?”

मालनबाई उतरून जवळजवळ धावल्या. पायरीवर मारुतीराव आणि दौलतमास्तर शेजारी शेजारी बसले होते. मास्तरांचा हात मारुतीरावांच्या खांद्यावर होता. मारुतीरावांचा सदरा पुढून भिजलेला. दोघांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं.

सखुबाई आतून धडपडत आली. तिनं मालनबाईंचे दोन्ही हात धरले.

“मालन, आलं गं, आलं! तू मागत व्हतीस ते आलं. तू कुठं व्हतीस?”

झालं होतं ते असं. पाळक लोंढ्यांनी भाकर हातात घेतली आणि ती मोडायच्या आधी त्यांचा हात थांबला. ते म्हणाले, “मला हे करता येत नाही. मी कित्येक वर्षं मन मेलेलं असताना तुमच्यापुढे उभा राहतोय.” आणि लहान मुलासारखे रडू लागले. कुणाला काय करावं कळेना. तेवढ्यात मारुतीराव उठले. मधली वाट ओलांडून पलीकडच्या बाकांकडे गेले आणि दौलतमास्तरांच्या पायाशी बसले. म्हणाले, “मास्तर, मी हेमाच्या मातीला आलो नाही. फाटकाबाहेर येऊन परत गेलो.” मास्तरांनी त्यांना उठवलं. मग बाकांच्या दोन बाजू उरल्याच नाहीत. माणसं एकमेकांना शोधत होती. कुणी चोरी सांगितली, कुणी खोटी साक्ष, कुणी सासूला उपाशी ठेवल्याचं सांगितलं. सहदेव, मागच्या बाकावरचा, घड्याळ बघणारा सहदेव, गुडघ्यावर आला होता आणि मोठ्यानं प्रार्थना करत होता.

मालनबाईंनी हे सगळं उभ्यानं ऐकलं. त्यांच्या लुगड्यावर बाळंतपणाचे डाग होते. लोक त्यांना मिठ्या मारत होते. त्या म्हणत होत्या, “देवाची स्तुती असो.” आणि ती त्यांना मनापासून करायची होती.

*

पुढचे दोन-अडीच महिने कल्याणच्या मंडळीनं पुन्हा कधी पाहिले नाहीत असे गेले. रोज संध्याकाळी चर्च भरे. लोकोशेडमधून काळ्या हातांची माणसं तशीच येत. ऑर्गन आणि तबला एकाच गाण्यात वाजू लागले. सूर धड जुळत नसे, कुणाला त्याची पर्वा नव्हती. ठाण्याहून, टिटवाळ्याहून माणसं बघायला येत आणि रडत परत जात. सरोजवहिनी, मारुतीरावांची बायको, चारचौघांत कधी तोंड न उघडणारी बाई, ती घरोघर जाऊन बायकांबरोबर प्रार्थना करू लागली. तिचा चेहरा तेव्हा ओळखू येत नसे.

मालनबाई रोज जात. पहिल्या बाकावर बसत. डाव्या-उजव्या हाताला माणसं भरून वाहत होती, आणि त्यांच्या आत काही हलत नव्हतं. जुन्या शुक्रवारी निदान मागताना डोळे भरत. आता तेही नाही.

घरी सहदेव. तो पहाटे उठून प्रार्थना करायचा, भाकरी खाताना मध्येच थांबून डोळे पुसायचा. ज्या माणसाबरोबर आयुष्य काढलं त्याच्या तोंडावर बाईंना आपल्या आईचं हसू दिसायचं. मालनबाईंना नवऱ्याचा हेवा वाटायचा. आणि हेवा वाटतो म्हणून स्वतःची लाज.

एकदा तो म्हणाला, “अगं, तू मोकळी का होत नाहीस? काहीतरी धरून ठेवलंयस तू आत.”

बाई पोळपाट खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहिल्या. “तुम्ही मला सांगताय हे?”

“तसं नव्हे गं...”

“नाही, सांगा की. मी बघते शोधून.”

आणि खरंच त्यांनी शोधलं. नगरला जाऊन नणंदेची माफी मागून आल्या, जुन्या एका अबोल्यासाठी. कॉलनीत ज्या ज्या बाळंतिणींवर ओरडल्या होत्या त्यांच्याकडे गेल्या. त्या बायका हसायला लागल्या, “बाई, तुम्ही ओरडलात म्हणून तर पोरं झाली!” उपास केले. देवापुढे तासन्‌तास बसल्या. आत तसंच. घागर दारात आणि माणसं आत.

चर्चमध्ये कुजबुज सुरू झाली होती. ती सरोजवहिनीनं सुरू केली, वाईट बुद्धीनं नव्हे, कळवळ्यानं. “मालनबाईंचं काहीतरी अडलंय. काही पाप लपलेलं असलं की असं होतं. आपण त्यांच्यासाठी मागू या.” ते मालनबाईंच्या कानावर आलंच.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी साक्षी चालल्या होत्या, देवानं आपल्यासाठी काय केलं ते एकेक जण उठून सांगत होता. पाळक लोंढे आता दुसरेच झाले होते, आवाजात जोर आला होता. त्यांनी प्रेमानं हाक मारली, “मालनबाई, या मंडळीसाठी तुमच्याइतकं कुणी मागितलं नाही. तुमची साक्ष ऐकायची राहिली. द्या ना.”

सगळे वळून बघू लागले. बाई उभ्या राहिल्या. बाकाची कड त्यांनी घट्ट धरली होती.

“मला खोटं बोलता येत नाही,” त्या म्हणाल्या. “तुमच्या सगळ्यांना मिळालं ते मी डोळ्यांनी बघितलं. ते खरं आहे. देवानं दिलंय. माझ्या नवऱ्याला मिळालं, मी रोज बघते. मला मिळालं नाही. पाप शोधलं, सापडलं तेवढं टाकलं. तरी नाही. मी वाट बघतेय. माझी साक्ष एवढीच.”

आणि खाली बसल्या.

कुणी ‘आमेन’ म्हटलं नाही. मग मागून सखुबाईचा आवाज आला, “पाळकसाहेब, गाणं घ्या की.” मारुतीराव ऑर्गनकडे गेले.

त्या संध्याकाळी दोघं घरी आली. कुलूप काढता काढता सहदेव म्हणाला, “मी तुला तसं बोलायला नको होतं. मला आयतं मिळालं. तू इतकी वर्षं चूल पेटवलीस, आणि मी येऊन पानावर बसलो. वर तुलाच विचारतो, का जेवत नाहीस.”

मालनबाई उंबऱ्यावरच बसून रडल्या. कित्येक महिन्यांनी रडल्या. सहदेव शेजारी बसला, आणि त्या दिवशी त्यानं प्रार्थना केली नाही. नुसता बसून राहिला.

*

सगळं कायम टिकलं असं नाही. पावसाळ्यात संध्याकाळच्या सभा कमी झाल्या. पुढच्या वर्षी पाळक लोंढ्यांची बदली झाली आणि एक तरुण पाळक आले, चांगले होते, पण त्यांना ते दिवस ऐकूनच ठाऊक. दारू सोडलेल्यांपैकी काहींनी ती पुन्हा धरली. रविवारी पुन्हा माणसं घड्याळ बघू लागली. दोघांचं मात्र टिकलं. मारुतीराव आणि दौलतमास्तर एकाच बाकावर बसत, आणि गाण्याच्या चालीवरून वाद घालत घालत एकाच वाटेनं घरी जात.

मालनबाईंनी शुक्रवार सोडला नव्हता. सखुबाई छप्पन साली गेली. त्यानंतर चटईवर त्या एकट्याच असत. मंडळीतल्या बायका त्यांच्याशी जरा जपून वागत, साक्षीच्या त्या संध्याकाळपासून. आपल्यापेक्षा जास्त दुःख झालेल्या माणसाशी वागतात तसं.

एका शुक्रवारी दारात सरोजवहिनी उभी होती. हातात पिशवी नाही, काही निमित्त नाही.

“या वहिनी, बसा,” मालनबाई म्हणाल्या. “चहा टाकते.”

“चहा नको.” सरोजवहिनी चटईच्या कडेला बसली. थोडा वेळ पदराशी खेळत राहिली. मग म्हणाली, “बाई, माझं गेलं.”

“काय गेलं?”

“ते. त्या वेळचं. आधी वाटलं, मुलीच्या लग्नाची धावपळ आहे, म्हणून. पण नाही. आता गुडघे टेकते तर भिंतीशी बोलल्यासारखं होतं. लोक अजून मला प्रार्थनेला बोलावतात, मी जाते, तेच शब्द म्हणते, आणि आत काही नाही. कुणाला सांगू? तुमच्याबद्दल मी काय काय बोलले होते...”

मालनबाई उठल्या, पाण्याचा तांब्या आणून तिच्यापुढे ठेवला.

“बोललात त्याचं काही नाही,” त्या म्हणाल्या. “मलाही तेच वाटलं होतं माझ्याबद्दल.”

“मग तुम्ही कसं काढता हे? एवढी वर्षं? मला सहा महिने निघत नाहीत.”

मालनबाईंनी विचार केला.

“वहिनी, तुमचं होतं ते गेलं. माझ्याकडे होतीच ती नुसती ओढ. ती कुणी नेली नाही. कधी कधी मला वाटतं, ओढसुद्धा माझी मी कुठून आणणार? कुणीतरी तिकडून ओढतंय म्हणून तर ताण बसतो. पण हे माझ्या मनाचं समाधान असेल. मला खात्री नाही.”

“खात्री नाही, तरी बसता?”

“बसते.”

सरोजवहिनी पाणी प्यायली. मग दोघींनी गुडघे टेकले. मालनबाईंनी त्या दिवशी मंडळीसाठी मागितलं नाही, स्वतःसाठीही नाही. “या माझ्या बहिणीला परत दे,” एवढंच पुन्हा पुन्हा म्हटलं. सरोजवहिनी उठताना म्हणाली, “पुढच्या शुक्रवारी येऊ?”

ती येऊ लागली. मग तिनं आणखी एकीला आणलं, दारू पुन्हा धरलेल्या एका इंजिनावरच्या फायरमनच्या बायकोला. मग दौलतमास्तरांची बायको आली, जिला हेमानंतर देवाशी धड बोलताच आलं नव्हतं आणि संजीवनाच्या दिवसांत ते कुणी विचारलं नव्हतं. हळूहळू चटई पुरेना. ज्यांना मिळालं आणि गेलं, ज्यांना मिळालंच नाही, अशा बायका. तिथे कुणाला आनंदी दिसावं लागत नसे. मालनबाई मध्येच कुणावर तरी ओरडतही, “अगं, पुटपुटू नकोस, नीट माग!” आणि बायका रडता रडता हसत.

*

सत्तावन साली सहदेव रिटायर झाला आणि क्वार्टर सोडावं लागलं. त्यांनी टिटवाळ्याला एका शेतकऱ्याच्या वाडीत एक खोली आणि पडवी घेतली. तिथे चर्च नव्हतं, ख्रिस्ती घर बहुधा दुसरं नव्हतं. गावातल्या बायांना मात्र आठवड्याभरातच कळलं की सुईण आली आहे. मालनबाई शुक्रवारी सकाळच्या गाडीनं कल्याणला येत, सरोजवहिनीकडे बायका जमत, आणि संध्याकाळच्या आत त्या परतत. पुढे दम लागायला लागला. डॉक्टरांनी हृदय थकलंय असं सांगितलं. मग बायकाच टिटवाळ्याला जाऊ लागल्या, डबे घेऊन, सहलीला निघाल्यासारख्या.

सरोजवहिनीला पुन्हा मिळालं का? ती म्हणायची, पहिल्यासारखं नाही. पण भिंत राहिली नाही.

आणि मालनबाईंना? शेवटच्या वर्षी सरोजवहिनीनं धीर करून तेच विचारलं. पडवीत दोघी बसल्या होत्या, समोर वालाच्या वेलाला फुलं आली होती.

“नाही गं,” मालनबाई म्हणाल्या. आता त्या तिला अगं-तूगं करत. “पण एक फरक पडलाय. आधी वाटायचं, मला सोडून सगळ्यांना दिलं. आता वाटतं, माझं ठेवून दिलंय. दिलेलं नाही, एवढंच.”

एकोणसाठच्या डिसेंबरात, नाताळाच्या आधीच्या आठवड्यात, सकाळच्या उन्हात मालनबाई गेल्या. कल्याणला माती दिली. कॅम्पातूनही माणसं आली होती. एक सिंधी बाई सहा-सात वर्षांच्या मुलाला पुढे धरून उभी होती. मारुतीराव आणि दौलतमास्तरांनी गाणं सांगितलं, या खेपेला वाद न घालता.

सगळं उरकल्यावर तरुण पाळकांनी सहदेवचा हात हातात घेतला. “बाई शांतपणे गेल्या म्हणतात. समाधानानं गेल्या, नाही का?”

सहदेवनं डोकं हलवलं.

“शांत कुठली, पाळकसाहेब. सकाळपासून जिवाला चैन नव्हतं तिच्या. मला म्हणाली, आरसा द्या. मग म्हणाली, माझे केस विंचरा. मी म्हटलं, अगं, मला कुठं येतं? तर रागावली. म्हणाली, शिका. मग मी विंचरले, येईल तसे. भांग वाकडा पडला, तो तिनं पुन्हा पाडायला लावला. कुणाकडे तरी जायचं असलं की बाईमाणूस करतं ना, तसं चाललं होतं सगळं. मी विचारलं, कुठं निघालीस? तर म्हणाली, गप बसा, अंबाडा घाला आधी.”

“मग?”

“घातला,” सहदेव म्हणाला. “बरा जमला.”